नऊ लाल ताटं

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी हरत नसते! हातात खडू असो, टॅब असो की लाटणं, एकदा मनावर घेतलं की घेतलं! गावातल्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवून दाखवीन, असं मी भर ग्रामसभेत उभी राहून म्हटलं, तेव्हा उपसरपंच श्यामराव एवढ्या जोरात हसले की तोंडातला तंबाखूचा खर्रा समोरच्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला.

"बायकाइले इंग्रजी कायले पायजे जी? तलावातल्या मासोळ्याइसंग बोलायचं हाये काय?"

"मासोळ्याइसंग नाही, तुमच्यासंग बोलायचं हाये," मी म्हटलं. "मराठीत सांगून तुमाले समजत नाही म्हून!"

सभा हसली. श्यामराव हसले नाहीत. आमचं वैर तिथंच सुरू झालं.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण श्यामराव वाचतात. आसगाव आणि कोंढ्याच्या मधे कुठंतरी आहे एवढं समजा. मी मेघा, एम. ए. इंग्रजी, माहेर भंडाऱ्याचं, सासर इथलं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, ग्रामपंचायतीची एक जुनी खोली रिकामी पडली होती. मी ती झाडली, सारवली, विंचू हाकलले आणि वर्ग सुरू केला. खोली स्वच्छ झाल्याबरोबर श्यामरावांना तिथं कॅरम क्लब दिसू लागला! पाच वर्षं विंचू होते तेव्हा नाही दिसला!

शेवटी ग्रामसभेनं तोडगा काढला. नागपूरच्या एका संस्थेनं आमच्या वर्गाला चार टॅब आणि एक ऑनलाइन अभ्यासक्रम दिला होता. जानेवारी संपायच्या आत त्या संस्थेनं 'सहावा पाठ पूर्ण, वर्ग उत्तम' असं पत्र दिलं तर खोली आमची. नाही दिलं तर कॅरम. श्यामरावांनी त्याच दिवशी पवनीहून कॅरम बोर्ड आणला आणि आमच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवला. पावडरच्या डब्यासकट!

वर्गात नऊ जणी. सगळ्यांची नावं सांगत बसत नाही, तिघी लक्षात ठेवा. एक गुणाबाई, तलावावर मासे धरणाऱ्या घरातली, पन्नाशीची, डोक्यावर टोपली घेऊन कोंढ्याच्या बाजारापर्यंत पायी जाणारी. वाघ पाहायला आलेले पर्यटक रस्त्यात गाडी थांबवून तिचा फोटो काढतात. "फोटो काढतेत आन इंग्रजीत कायतरी बोलतेत. वाहवा करून राहिले का शिव्या देऊन राहिले, मले समजलं पायजे!" म्हणून ती आली. दुसरी ज्योत्सना, नवी सून, बारावी पास. तिला जंगलाच्या गेटजवळच्या हॉटेलात काउंटरवर बसायचं आहे. आणि तिसरी शकुबाई, म्हणजे माझी सख्खी सासू! पुण्यातला नातू फोनवर नुसती इंग्रजी फाडतो आणि आजीला "हाव बाबू, हाव" एवढंच म्हणता येतं, याचा तिला भयंकर राग. घरी ती मला शिकवते, वर्गात मी तिला. भांडणं दोन्हीकडे सारखीच होतात.

पाच पाठ सुरळीत झाले. सहावा होता 'हेल्दी ईटिंग'. मी टॅब उघडला. व्हिडिओत सोनेरी केसांची एक बाई होती. ती हसत हसत हिरवं काहीतरी कापत होती.

"हे कोनतं फळ वो मॅडम?" गुणाबाईनं विचारलं.

"अॅव्होकाडो."

"तुमी खाल्लं काय?"

"नाही."

"मंग जे तुमी खाल्लं नाही, ते आमाले कायले शिकवता?"

एम. ए.च्या अभ्यासक्रमात हा प्रश्न नव्हता. मी पटकन पुढचं चित्र लावलं. गोल ताट. अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, पाव भागात डाळ, अंडं, मासा, आणि उरलेल्या चतकोरात भात.

नऊच्या नऊ जणी धानाच्या गावच्या. ताटात आधी भात वाढतात, मग जागा उरली तर बाकीचं.

"चतकोर भात?" आमच्या आई, म्हणजे शकुबाई, पुढे वाकून टॅबमधे पाहत म्हणाल्या. "हे जेवन हाये का नैवेद्य?"

"आई, इंग्रजीत बोला."

"नो!" आई म्हणाल्या. एवढं इंग्रजी त्यांना पुरलं.

पण मी हरते का? मी टॅब बंद केला आणि म्हटलं, मरू दे तो अॅव्होकाडो! आपल्या बायका दिवसभर धानाच्या बांधीत राबतात, तलावातला ताजा मासा खातात, लाखोळीची भाजी खातात, अंबाडी खातात. यांच्याइतकं चांगलं कोण खातं? अॅपमधे घरचा अभ्यास होता: सात दिवसांची जेवणाची डायरी. रोज दुपारच्या ताटाचा फोटो काढायचा, खाली इंग्रजीत लिहायचं की काय खाल्लं. अॅप ते पाहून रंग देतं. चांगलं ताट हिरवं, बरं ताट पिवळं, वाईट ताट लाल. मला खात्री होती, नऊच्या नऊ हिरव्या! श्यामरावांच्या नाकावर टिच्चून हिरव्या!

एवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही! मला आणखी एक वाक्य सुचलं.

"नीट काढा हं फोटो," मी म्हटलं. "नागपूरच्या साहेबांना दिसणार आहेत. त्यांच्यामार्फत परदेशातही जातील."

झालं! त्या एका वाक्यानं घात केला.

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगते. आमच्याकडे रोज घरात काय शिजतं ही घराच्या आतली गोष्ट असते. दारात पाहुणा दिसला की मागच्या दारानं शेजारणीकडून पापड येतो, तिच्या शेजारणीकडून तूप येतं, कोणाकडून तरी मोठं ताट येतं, आणि घरच्यांनी सकाळी चटणी-भात खाल्लेला असला तरी पाहुण्यासमोर वडे पडतात. खाणारा तृप्त, वाढणारी तृप्त, आणि पापडाची परतफेड पुढच्या पाहुण्याला. आता मीच नऊ बायांना सांगून बसले होते की सात दिवस अख्खा परदेश तुमच्या ताटात डोकावणार आहे!

सोमवारी मला काही कळलं नाही. मंगळवारी ज्योत्सनाच्या घरावरून जाताना उडदाच्या वड्यांचा वास आला. मला वाटलं, माहेरचं कोणी आलं असेल. बुधवारी आमच्याच घरात पुरण शिजत होतं.

"आई, आज काय सण आहे?"

"सन कायचा? फोटो हाये!"

"अहो पण रोजचं ताट दाखवायचं आहे!"

"तू दाखव तुझं रोजचं. मी या घराची अब्रू परदेशात घालवनार नाही."

मी वाद घातला. आईंनी माझ्या हातात पोळपाट दिला. पोळ्या मीच लाटल्या, आता लपवून काय उपयोग!

गुरुवारी गुणाबाईनं तलावातली सर्वांत मोठी मरळ न विकता घरी नेली आणि अख्खीच्या अख्खी तळली. हे ज्योत्सनाला कळलं, म्हणून शुक्रवारी तिनं कोंबडा कापला. ते आईंना कळलं, म्हणून शनिवारी आमच्याकडे खीर, वडे आणि बेसनाच्या पातोडीचा रस्सा एकाच ताटात! गावातलं एक मोठं काठाचं ताट त्या आठवड्यात नऊ घरं फिरलं. गावातले पुरुष तर हरखूनच गेले. जे नवरे बायकोला वर्गाला पाठवायला कुरकुर करायचे, ते दुपारी एक वाजता हात धुऊन बसायचे आणि विचारायचे, "हा सहावा पाठ किती दिवस चालनार हाये जी?"

तुम्ही म्हणाल, मॅडम झोपल्या होत्या का? अॅपमधे पाहिलं नाही? कुठून पाहणार? आमच्या खोलीत नेट नाही. नेट आहे फक्त तलावाच्या पाळीवर, तेही सिंगाड्याच्या घाटाकडे तोंड करून हात वर केला तर! आणि चार टॅब नऊ घरं फिरत होते, त्यामुळे आठवडाभराचे फोटो त्यांतच साठत होते. सातवा दिवस रविवार. त्या संध्याकाळी मी पाळीवर उभी राहिले, चारही टॅब एकापाठोपाठ एक वर धरले आणि नऊजणींचे त्रेसष्ट फोटो एका दमात पाठवले. शेजारी म्हशी पाण्यात बसून माझ्याकडे पाहत होत्या.

मग रंग यायला लागले.

लाल. लाल. लाल. ज्योत्सना लाल. गुणाबाई लाल. आई तर इतक्या लाल की अॅपनं त्यांच्या नावापुढे धोक्याचा त्रिकोण काढला! नऊच्या नऊ लाल! आणि खाली आपोआप एक निरोप नागपूरला निघून गेला: 'हा गट अतिशय धोक्याच्या पातळीवर आहे.'

दहा मिनिटांत त्याच टॅबवर फोन. संस्थेचे धनंजय सर.

"मेघा मॅडम, तुमच्या गावात चाललंय काय? एकेक बाई एका जेवणात तीन माणसांचं जेवतेय! आमच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी तर असे आकडे कधी पाहिलेच नाहीत. एवढा लठ्ठपणा?"

"लठ्ठपणा?" मी समोर पाहिलं. पाळीवरून गुणाबाई जाळं खांद्यावर टाकून चालली होती. तिच्या अंगावर नावालाही मांस नाही. "सर, तसं नाहीये..."

"मग फोटो खोटे आहेत का?"

आता सांगा, काय उत्तर देऊ? खरे म्हणावं तर आरोग्यात नापास. खोटे म्हणावं तर अभ्यासात नापास. कुठूनही गेलं तरी रस्ता कॅरम बोर्डापाशीच जात होता.

"सर, नेट तुटतंय!" मी ओरडले आणि हात खाली घेतला.

पण धनंजय सर चिवट. हात पुन्हा वर केला तर त्यांचा मेसेज हजर: मंगळवारी दुपारी बारा वाजता प्रत्यक्ष येतोय. पत्र द्यायचं की टॅब परत न्यायचे, ते तिथंच ठरवीन.

सोमवारी मी नऊजणींना समोर बसवून झाडलं. "मी काय सांगितलं होतं? रोजचं ताट! आणि तुम्ही? नागपूरच्या साहेबांसमोर चक्क खोटं बोललात!"

"खोटं?" गुणाबाई ताठ झाली. "मरळ खोटी होती काय जी? तळली मी, खाल्ली बी आमी. काटे हायेत उकिरड्यावर, दाखवू?"

"तसं नाही मावशी. रोज तुम्ही हे खाता का?"

"रोज कोन खाते! पन रोज परदेशातून कोन पाहून राहिलं होतं?"

ज्योत्सना हळूच म्हणाली, "मॅडम, परक्याले चटनी-भात कोनी दाखवते काय? माहेरी समजलं तर माय रडन माही."

खरं सांगते, मला त्यांचं पटत होतं. पण मी शिक्षिका! मी टेबलावर हात आपटला. "उद्या सर येणार. खाण्याचा एकही पदार्थ खोलीत दिसता कामा नये! वडा नाही, खीर नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा! फक्त इंग्रजी! खोली गेली तर याद राखा!"

"हाव जी," नऊच्या नऊ जणी म्हणाल्या.

आमच्याकडे 'हाव जी' म्हणजे 'ऐकलं'. 'करू' असा त्याचा अर्थ नसतो, हे मला सासरी सहा वर्षं राहून कळायला हवं होतं.

मंगळवारी बाराला पाच कमी असताना मी सरांना रस्त्यावरून घेऊन आले. सर बारीक, चष्मा लावलेले, चाळिशीचे. खांद्याच्या पिशवीत स्वतःचा डबा. "मला पित्ताचा त्रास आहे, मॅडम," ते म्हणाले. "बाहेरचं काही खात नाही. उकडलेले मूग आणलेत." मला हायसं वाटलं. दार उघडलं.

आत पंगत मांडलेली!

वड्यांची परात, खिरीनं भरलेला गंज, पुरणपोळ्यांची चळत, मरळीचा रस्सा, आणि मधोमध ते काठाचं ताट, सरांसाठी. समोर चौरंग. आई पदर खोचून उभ्या.

"आई!" मी दातांवर दात दाबून म्हटलं. "काल काय ठरलं होतं?"

"पाहुन्याले उपाशी धाडू काय? हे घर हाये का बसस्टँड?"

"हा वर्ग आहे!"

"मंग वर्गाची अब्रू नाही काय?"

तोवर ज्योत्सनानं सरांच्या हातावर पाणी घातलंसुद्धा. "सर, वेलकम. प्लीज सिट. लंच इज रेडी." एकही चूक नाही! मला रडावं की टाळ्या वाजवाव्यात ते कळेना.

"नो, थँक यू," सर नम्रपणे म्हणाले.

बिचारे! हा शहरातला माणूस. आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे संस्कार. दुसरं 'नको' म्हणजे लाज. तिसऱ्यांदा ताटावर आडवं पडून 'नको' म्हटलं तरच विचार केला जातो. सरांनी एकदाच म्हटलं, आणि तेही हसून. पहिले चार वडे ताटात पडले.

"सर, वुड यू लाइक सम मोअर?" हे आईंनी विचारलं. माझ्या सासूनं! आदल्या महिन्यात जिला 'व्हॉट इज युवर नेम' विचारलं तर ती माझंच नाव सांगायची!

"नो, नो, प्लीज..."

"स्मॉल वन, सर. व्हेरी स्मॉल," ज्योत्सना म्हणाली आणि हाताच्या पंजाएवढा वडा ठेवला.

"आय हॅव अॅसिडिटी!"

"नो प्रॉब्लेम, सर. खीर इज कोल्ड."

"आय मेक फॉर यू," आई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "यू डोन्ट ईट, आय क्राय."

मी तुम्हाला शपथेवर सांगते, पाच महिन्यांत जेवढं इंग्रजी त्या खोलीत बोललं गेलं नव्हतं तेवढं त्या वीस मिनिटांत बोललं गेलं. वाक्यं पूर्ण, क्रियापदं जागच्या जागी, आणि सर खात होते! मूग डब्यात तसेच. इतक्यात श्यामराव आले. माझी फजिती पाहायला आले होते, पण दारातूनच परात दिसली. "मी आपला सहज," असं म्हणत ते कॅरम बोर्डाला टेकून बसले आणि पुढचा अर्धा तास वर पाहिलं नाही.

अकरा वडे झाल्यावर सरांनी पट्टा सैल केला, घाम पुसला आणि टॅब काढला. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "जेवण अप्रतिम. पण अॅपनं जे दाखवलं तेच मी डोळ्यांनी पाहिलं. सहाव्या पाठाचा हेतू बायकांना चांगलं खाणं कळावं हा आहे. इथं उलटंच चाललंय. असा शेरा असताना मी पत्र कसं देऊ? टॅब मला परत न्यावे लागतील."

"मी म्हनतच होतो," श्यामराव भरल्या तोंडानं म्हणाले.

माझं डोकं भणाणलं. "सर, वड्यांना लाल म्हणा, खिरीला लाल म्हणा, पण या बायांना लाल म्हणायचं नाही! पहाटे चारला उठतात, घर आवरतात, दिवसभर राबतात आणि तीन वाजता इथं येऊन स्पेलिंग घोकतात! आत्ता तुम्ही ऐकलंत ना इंग्रजी?"

"ऐकलं. इंग्रजी उत्तमच आहे. पण त्यांच्या जेवणाबद्दल मला एकही खरी गोष्ट कळली नाही, मॅडम. सांगा ना, एक तरी कळली का?"

पाच महिने सारवलेली जमीन पायाखाली होती, भिंतीवर आम्ही लावलेली अक्षरं होती, आणि श्यामराव पावडरचा डबा हातात घेऊन बसले होते. मला खरोखर रडू फुटणार होतं.

तेवढ्यात गुणाबाई उठली. ती तलावावरून थेट आली होती, तिचा डबा कोपऱ्यात फडक्यात बांधलेला होता. तो तिनं उचलला आणि सरांच्या समोर, त्या काठाच्या ताटाच्या शेजारी ठेवून उघडला. लाखोळीची भाजी, सुक्या झिंग्यांची चटणी आणि गार भात. खोलीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. परक्या माणसासमोर स्वतःचा डबा उघडणं म्हणजे आमच्याकडे काय असतं ते त्यांना माहीत होतं.

"सर," गुणाबाई म्हणाली. "धिस इज माय प्लेट. एव्हरी डे. राइस. स्मॉल फिश. ग्रीन भाजी. दॅट प्लेट," तिनं वड्यांकडे बोट केलं, "फॉर यू. बिकॉज यू आर गेस्ट. दॅट फोटो, ऑल्सो फॉर यू. आय वॉक टेन किलोमीटर. फिश ऑन हेड. आय अॅम नॉट फॅट. सी!"

आणि तिनं आपला हात सरांच्या समोर धरला. कोपरापासून मनगटापर्यंत नुसत्या शिरा आणि हाड.

'बिकॉज' मी शिकवलंच नव्हतं! ते आठव्या पाठात आहे! कुठून उचललं कोण जाणे. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

मग आई खाली मान घालून म्हणाल्या, "मी टू, सर. मॉर्निंग, राइस. आफ्टरनून, राइस. इव्हनिंग..."

"राइस?" सरांनी विचारलं.

"यस सर," आई म्हणाल्या. "हाऊ यू नो?"

सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. चष्मा काढून पुसला. मग एकेकीनं आपलं खरं ताट सांगितलं. ज्योत्सना म्हणाली, "अंबाडी अँड राइस. सासू से, व्हेरी गुड." कोणी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सांगितल्या, कोणी ताक. लाज वाटत होती, तरी सांगितलं. सरांनी सगळं लिहून घेतलं, आणि शेवटी न राहवून डब्याकडे बोट केलं.

"गुणाबाई, मे आय हॅव सम चटणी?"

गुणाबाईनं झाकण लावलं. "सॉरी सर. माय लंच."

सरांनी खिशातून पेन काढला आणि पत्रावर सही केली. मी स्वतः पाहिलं: 'सहावा पाठ पूर्ण. नऊ विद्यार्थिनी उत्तीर्ण. वर्ग उत्तम.' खोली आमची! मी पत्र श्यामरावांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी हात पुसत वाचलं, बोर्ड काखेत मारला आणि दारात वळून म्हणाले, "वर्ग चालू द्या जी. पन सहावा पाठ अधूनमधून घेत जा."

इथंच थांबले असते तर ही कथा माझ्या विजयाची झाली असती. पण सर टॅब मिटता मिटता थबकले.

"मॅडम, नियमाप्रमाणे शिक्षिकेचीही डायरी असते ना? ही दहावी तुमची दिसतेय. सातही दिवस हिरवी!"

"हो," मी म्हटलं. आवाज थोडा बारीक निघाला.

"पपई, मोड आलेली मटकी, काकडी. वा!" त्यांनी फोटो पुढे सरकवले, मागे सरकवले, चष्मा वर केला. "पण मॅडम, सातही दिवस ही काकडी एकच आहे ना? हिच्या टोकाला किडीचं भोक आहे. सोमवारीही आहे, रविवारीही आहे."

हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. वेळच मिळाला नाही! आणि त्यात एवढं काय? पहिल्याच दिवशी एक ताट सजवलं, सात बाजूंनी सात फोटो काढले, आणि मग भात कालवून जेवायला बसले. मी एम. ए. आहे. नागपूरच्या साहेबांना मी डोंगरभर भात दाखवू?

नऊजणी माझ्याकडे पाहत होत्या. आई तर अशा पाहत होत्या की त्या नजरेनं भाजी फोडणीला टाकता आली असती.

सरांनी पत्रावर खाली आणखी एक ओळ लिहिली: 'शिक्षिका सहाव्या पाठात अनुत्तीर्ण. पुन्हा करावा.' आणि माझी तपासनीस म्हणून गुणाबाईची नेमणूक केली.

तेव्हापासून ती रोज दुपारी बाजारातून येताना माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, हातात टॅब. "शो मी युवर प्लेट, मॅडम." लपवायची सोय नाही, आई आतून ताट पुढे सरकवतात! गेल्या आठवड्याचे माझे रंग सांगते: लाल, लाल, लाल, पिवळा, लाल, लाल, लाल. पिवळ्याच्या दिवशी मला ताप होता.

पण मी हरत नसते! उद्यापासून भात बरोब्बर निम्मा. उद्या म्हणजे, सोमवारपासून.